चॅनल विड्थ वाढवली अन् नेट आणखीच अडकून राह्यलं, काऊन?

मनीषनगरवाला:
भाऊ लोकहो, आमच्या फ्लॅट स्कीममध्ये घरोघरी राउटर आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा. कोणीतरी सांगितलं चॅनल विड्थ, म्हणजे वायफायच्या पट्ट्याची रुंदी, जास्त तर स्पीड जास्त, म्हणून २.४ गिगाहर्ट्झवर ४० अन् ५ गिगाहर्ट्झवर १६० मेगाहर्ट्झ करून ठेवलं. फोन अन् राउटरमधली लिंक स्पीड मस्त दिसते पण रात्री मीटिंग अडकते अन् आतल्या बेडरूममध्ये ५ वालं पकडतच नाई. राउटर बदलू का?

लॅनवाला_महाल:
राउटर राहू दे ना बे. २.४ मध्ये जागाच केवढी, १, ६ अन् ११ हे तीनच चॅनल एकमेकांत न घुसता बसतात, तेही २० वर. ४० केलं की त्यातले दोन तरी तू खाल्ले, अन् तेवढ्या पट्ट्यात शेजारचा कोणाचाबी राउटर बोलत असला की तुझा गप बसून वाट पाहते, कारण एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकते. रात्री सगळे घरी आले की मग बोंब. तिथं डोळे मिटून २० कर.

वायर_बरी:
५ वर पण १६० कशाला? एवढी सलग जागा रडारवाले चॅनल, म्हणजे जे रडारबी वापरते ते, घेतल्याशिवाय मिळत नाई, ५२ ते १४४ वर राउटरला आधी निदान एक मिनिट ऐकत बसावं लागते अन् रडार दिसलं की चॅनल सोडून पळावं लागते, ते मीटिंगच्या मधात झालं तर झालंच. शिवाय राउटरची ताकद तेवढीच राहते, विड्थ दुप्पट केली की नॉइज, म्हणजे सिग्नलमधली खरखर, ३ डीबीने म्हणजे दुप्पट वाढते. तूप तेवढंच अन् पोळी मोठी. म्हणून दूरच्या खोलीत आधी रुंद चॅनलच मार खाते. दोन अँटेनावाल्या वायफाय ५ (802.11ac) फोनला ४० वर ४०० एमबीपीएसची लिंक मिळते, ८० वर ८६७. खरं हातात येते त्याच्या अर्ध्याच्या आसपास, पण तुझ्या १०० ला ४० पण भरपूर.

बेसाकडचा:
इकडं शेजारी विरळ आहेत, आपलं ८० वर झकास चालते. घरातल्या घरात लॅपटॉपवरून हार्डडिस्कवर मोठ्या फाइली टाकत असशील तर ८० चा फायदा दिसते, ३६ किंवा १४९ पासूनचं घे, दोन्हीत रडारची झंझट नाई. अन् बेडरूमचं म्हणशील तर मधात पत्र्याचा कूलर आहे का? लोखंड अन् पाणी, दोन्ही सिग्नल खाते.

मनीषनगरवाला:
आहे ना, बरोब्बर मधात. २.४ ला २० अन् ५ ला ४० केलं, १४९ वर टाकलं. लिंक स्पीड पडली पण काल रात्री मीटिंग एकदाबी नाई अडकली. बेडरूममध्ये पकडून राह्यलं, दोनच कांड्या. पण मे महिन्यात कूलर हलवला तर घरचे मलाच बाहेर काढतील.

लॅनवाला_महाल:
कूलर नको हलवू बाप्पा, राउटर टीव्हीमागून काढ अन् वर भिंतीला लाव.