दोनाचे चार हात केले की पोरगं ताळ्यावर येतं का?

ओसरीवरून
शेजारी परवा बैठक बसली होती. पोरगा चोवीसचा, मारामारीच्या दोन केसेस, एकदा चाप्टर केस (शांततेची हमी लिहून घेणारी पोलिसी कारवाई). आजीचा निकाल तयार : "दोनाचे चार हात करा, येतो बघा ताळ्यावर." सगळे हसले. पण आजीच्या बाजूने पुरावा आहे, म्हणून हा धागा.

ग्लूक या गुन्हेगारीच्या अमेरिकी अभ्यासक दांपत्याने बोस्टनमधली सुधारगृहातली ५०० मुलं आणि तशाच गरीब वस्त्यांतली, गुन्ह्यात न सापडलेली ५०० मुलं घेतली आणि ती बत्तीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. ती कागदपत्रं पुढे हार्वर्डच्या तळघरात खोक्यांत पडून होती. जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन या संशोधकांनी ती बाहेर काढली. इतकंच नाही, सुधारगृहातल्या त्या पोरांपैकी ५२ जणांना म्हातारपणी गाठून बोलतं केलं. सुरुवात सगळ्यांची सारखीच, पण काही जण आत-बाहेर करतच राहिले, बरेच थांबले. थांबलेल्यांच्या कहाण्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात : टिकलेली नोकरी, जमलेलं लग्न, सैन्यातली भरती.

उपदेशाने कुणी सुधारत नाही, दिवसाचा साचा बदलतो म्हणून सुधारतो. सकाळी आठला पंचिंग आणि रात्री जेवायला कुणीतरी थांबलेलं असेल तर "मॅटर झालाय, ये लवकर" असा फोन आला तरी पाय निघत नाही. आपल्याकडे नेमकं उलट. महाराष्ट्र पोलीस कायद्याने दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येतं. म्हणजे आई, बायको, काम इथे आणि हा शेजारच्या जिल्ह्यात, कुणा मित्राच्या खोलीवर. सुधारणार कसा?

वैशाली_नाशिक
आजीच्या योजनेत एक माणूस विसरलात. मुलगी. तिला कुणी विचारलं?

माझ्या मावसबहिणीला असंच दिलं. मुलाकडच्यांनी केसेस लपवल्या, "थोडा तापट आहे" एवढंच सांगितलं. तो बाहेरच्या मारामाऱ्या सोडून खरंच घरी बसायला लागला. हात मात्र थांबला नाही, फक्त त्याची जागा बदलली. पोलीस ठाण्याच्या नोंदीत तो आज सुधारलेला आहे. तुमच्या बोस्टनच्या खोक्यांत अशा बायकांची नोंद आहे का?

आकडेमोड
वैशालीताईंशी सहमत, शिवाय माझा वेगळा आक्षेप. लग्नाने माणूस शांत होतो की शांत झालेल्यालाच मुलगी मिळते? चौकातल्या भाईला स्थळं येत नाहीत. आणि वयाचं काय? गुन्ह्याचा आलेख पोरवयाच्या शेवटी चढतो आणि मग उतरतोच, लग्न होवो न होवो.

गंमत म्हणजे १९६९ मध्ये ज्या ट्रॅव्हिस हिर्शी या अभ्यासकाने घर, शाळा यांच्याशी असलेले बंध माणसाला गुन्ह्यापासून रोखतात असा सिद्धांत मांडला, त्यानेच १९९० मध्ये गॉटफ्रेडसनबरोबर सांगितलं की खरा प्रश्न आत्मसंयमाचा आहे आणि तो लहानपणीच घडतो. त्यांच्या हिशेबात नंतरची नोकरी-लग्न हे परिणाम, कारण नव्हे.

ओसरीवरून
आकडेमोड, हा आक्षेप लॉब-सॅम्पसन यांनाही माहीत होता. म्हणून २००६ च्या कामात त्यांनी त्याच माणसाचा विवाहित काळ आणि अविवाहित काळ ताडून पाहिला. विवाहित काळात गुन्ह्याची शक्यता सरासरी ३५ टक्क्यांनी कमी. लहानपणीच सगळं ठरत असेल तर हा फरक कुठून आला?

वैशाली, तुमच्यापुढे मान खाली. ते सगळे पुरुष, सगळे गोरे, आणि मोजला तो बहुतेक पोलिसांपर्यंत पोचलेला गुन्हा. घरातला कुठे पोचतो? 'जमलेलं लग्न' या शब्दावर मी जोर द्यायला हवा होता. आजीच्या डोक्यात नुसतं लग्न आहे.

निवृत्त_खाकी
तीस वर्षं नोकरी केली, म्हणून बोलतो. तडीपारी सुधारण्यासाठी नसतेच. साक्षीदार तोंड उघडत नाही तेव्हा वस्तीला श्वास घेता यावा म्हणून असते. कोयता घेऊन फिरणाऱ्याच्या समोरच्या चाळीत राहून बघा.

आणि बंध बंध काय करता? त्याला बंध कमी नसतात हो, फार असतात! वाढदिवसाला फ्लेक्स लावणारे, कोर्टात तारखेला जीप भरून येणारे, जामिनाचे पैसे भरणारे. नातं तुटलं म्हणून नाही, नातं घट्ट आहे म्हणून पोरगं बाहेर पडत नाही.

ओसरीवरून
फ्लेक्सवाला मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण मग जीप भरून येणाऱ्यांपेक्षा घट्ट काहीतरी समोर ठेवावं लागेल ना? आपल्याकडे हे करून झालंय. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली. कैदी बायकापोरांसह राहून शेती करायचे. भिंत नाही.

गॅरेजवाला_सातारा
तुम्हा लोकांचं वाचन दांडगं. मी फक्त माझ्या गॅरेजमधलं सांगतो.

सात वर्षांपूर्वी रिमांड होममधून सुटलेला एक पोरगा ठेवला. पहिले तीन महिने रोज गल्ला मोजून घरी जायचो, लाज वाटते सांगायला. हात चांगला होता त्याचा, आवाजावरून कार्ब्युरेटरचा दोष सांगायचा. मित्र यायचे गाडीवर, कोपऱ्यावर थांबून हॉर्न द्यायचे. हा इंजिन उघडून बसलेला, कोपरापर्यंत ऑइल. "आता हात घाण आहेत" म्हणायचा. दोन-तीनदा झालं, मग ते यायचेच बंद झाले.

मग एका कंपनीत चांगल्या पगाराची जागा निघाली, मीच पाठवला. बालन्याय कायद्याप्रमाणे लहानपणचा गुन्हा नोकरीच्या आड यायला नको. पण चारित्र्य पडताळणीच्या आधीच तिथल्या कुणीतरी गावात चौकशी केली आणि "कळवतो" म्हणाले. अजून कळवतायत.

आकडेमोड
मग? परत गेला का त्या मित्रांकडे?

गॅरेजवाला_सातारा
गेला होता. दोन आठवडे. फोन बंद. तिसऱ्या सोमवारी सकाळी शटर उघडायला आलो तर पायरीवर बसलेला, डब्यासकट. मी काही विचारलं नाही, एका बुलेटचं क्लच प्लेटचं काम अर्धं राहिलं होतं ते दाखवलं. लग्नाचं म्हणाल तर अजून व्हायचंय, आणि ते मी काही जमवणार नाही. वैशालीताईंचं वाचल्यावर तर नाहीच.