मायक्रोवेव्हची प्लेट फिरते, दिवा लागतो, पण गरम करत नाही

प्रश्न (जुळे सोलापूर)
२० लिटरचा साधा मायक्रोवेव्ह आहे. दिवा, पंखा, प्लेट सगळं चालतं, पण कपभर पाणी २ मिनिटं ठेवलं तरी गारच राहतं. चालू असताना नेहमीपेक्षा मोठा घूंऽऽ आवाज येतो. फ्यूज शाबूत आहे. गरम करणारे पार्ट कोणते, ते चालतात कसे, आणि तपासायचं कुठून? मल्टिमीटर आहे.

उत्तर १ (सात रस्ता, रिपेअरिंग)
मोठा आवाज आणि गरम नाही, म्हणजे दोष हाय व्होल्टेजच्या बाजूला. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे साधारण २००० व्होल्ट करतो. त्याच्याच वेगळ्या छोट्या वाइंडिंगवरून मॅग्नेट्रॉनच्या (गरम करणाऱ्या लहरी तयार करणारा पार्ट) फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ३ व्होल्टच्या आसपास मिळतात. पुढे कॅपॅसिटर (चार्ज साठवणारा, बहुधा १ मायक्रोफॅरॅडच्या जवळपास) आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) मिळून व्होल्टेज दुप्पट करतात. एका अर्ध्या सायकलला कॅपॅसिटर भरतो, दुसऱ्या अर्ध्याला त्यात ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजची भर पडते आणि मॅग्नेट्रॉनवर उणे ४००० व्होल्टच्या घरात पोचतात. त्यातून २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी निघतात आणि वेव्हगाइडमधून (लहरी नेणारी धातूची पोकळ वाट) आत येतात.
तुमच्याकडे पहिला संशय डायोडवर. तो शॉर्ट झाला की दुप्पट होणं बंद पडतं आणि ट्रान्सफॉर्मर लोडखाली घुमतो. मध्ये कॅपॅसिटर असल्यामुळे करंट मर्यादित राहतो, म्हणून बऱ्याचदा फ्यूज उडत नाही.

उत्तर २ (होटगी रोड)
वरचं बरोबर आहे, पण कव्हर उघडण्याआधी हे वाचा. प्लग काढलेला असला तरी कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. तो हळूहळू उतरावा म्हणून आत १० मेगाओहमचा रेझिस्टर असतो, पण तो ओपन झाला (आतून तुटला) तर चार्ज तसाच राहतो. प्लग काढून काही मिनिटं थांबा. मग चांगल्या इन्सुलेटेड दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरने कॅपॅसिटरची दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडा, नंतर प्रत्येक टर्मिनल बॉडीला टेकवा. एक हात मागे ठेवा. चालू मशिनमध्ये हाय व्होल्टेज मोजायला जाऊ नका, साध्या मीटरचं ते कामच नाही. इथली सगळी तपासणी बंद मशिनवरच होते.
डायोडची वायर सोडवून ओहममध्ये मोजा. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आलं तर शॉर्ट. मात्र दोन्ही बाजूंनी ओपन दाखवला म्हणून तो खराब ठरवू नका: त्याच्या आत अनेक जंक्शन ओळीने असतात, मीटरची बॅटरी त्यांना पुरत नाही. ९ व्होल्टची बॅटरी सिरीजमध्ये लावून बघा, एकाच दिशेने व्होल्टेज दिसायला हवं.
मॅग्नेट्रॉनच्या दोन पिनांमध्ये १ ओहमपेक्षा कमी यावं, पिन ते बॉडी पूर्ण ओपन. तिथे काहीही कंटिन्युइटी दिसली तर मॅग्नेट्रॉन गेला.

प्रश्नकर्ता
डिस्चार्ज करून मोजलं. डायोड दोन्ही बाजूंनी ०. मॅग्नेट्रॉन ०.४ ओहम, बॉडीला ओपन.

उत्तर १ (सात रस्ता, रिपेअरिंग)
डायोडच गेलाय. बदलताना कॅपॅसिटरही सोडवून बघा, तो शॉर्ट असेल तर नवा डायोड लगेच उडेल. डायोडचं गोल रिंग असलेलं टोक बॉडीला स्क्रूने घट्ट बसवा. उलटा लावला तर पुन्हा गरम होणार नाही.
मग चाचणी घ्या. माठातलं १ लिटर पाणी, थर्मामीटरने तापमान बघून फुल पॉवरवर बरोबर १ मिनिट ठेवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा, तेवढे वॅट. १० अंश वाढले तर ७०० वॅट.

उत्तर ३ (नवी पेठ)
दुरुस्तीनंतर दोन गोष्टी सांभाळा. कडक भाकरीत पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे लहरी शोषल्या जात नाहीत आणि मॅग्नेट्रॉनकडे परत येऊन त्याला तापवतात. भाकरीसोबत अर्धा कप पाणी ठेवा. रिकामा तर कधीच चालवू नका. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात मागची जाळी भिंतीला टेकलेली असेल तर थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर बंद करणारा स्विच) सप्लाय मध्येच तोडतो, किमान १० सेंटिमीटर जागा सोडा. आत डाव्या-उजव्या भिंतीवरच्या मायका शीटवर (वेव्हगाइडचं तोंड झाकणारा पातळ पत्रा) तेलाचा काळा डाग पडला की तिथे ठिणग्या उडतात. शीट कात्रीने मापात कापून बदलता येते.
दाराचे स्विच मात्र कधीही बायपास करू नका. इंटरलॉकचा (दार उघडताच सप्लाय तोडणारा) स्विच चिकटून दार उघडल्यावरही सप्लाय चालू राहिला, तर मॉनिटर स्विच मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. तसा फ्यूज उडाला तर फ्यूजसोबत स्विचही बदलायचे.