ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटची) टाकी साफ करायचीय, माणूस उतरवायचा का?

ताकपाणी:
नमस्कार मंडळी. सांगलीकडं एका छोट्या डेअरी युनिटला शिफ्ट सुपरवायझर आहे, मूळचा बॉयलरवाला, मागचा माणूस सोडून गेला म्हणून ईटीपी पण माझ्याच गळ्यात. इक्वलायझेशन टँक आहे (सगळं सांडपाणी आधी जमतं ती टाकी), १२ फूट खोल, वर दोन फुटाचं मॅनहोल, दोन वर्षं कुणी हात लावलेला नाही, खाली गुडघाभर गाळ. रविवारी प्लांट बंद आहे तेव्हा साफ करून घ्या असं वरून आलंय. ठेकेदार म्हणतो रात्रभर झाकण उघडं ठेवू, सकाळी मेणबत्ती सोडून बघू, विझली नाही तर पोरं उतरतील, तासाभराचं काम. पोरांसाठी मास्क पण आणलेत, कोरोनातले एन ९५. मला पटत नाहीये पण नक्की काय चुकतंय ते नीट सांगता येईना, आणि हे ठेकेदार काका पंधरा वर्षं हेच करतायत.

लोटे_परमिटवाला:
भाऊ आधी ती मेणबत्ती फेकून द्या. आत मिथेन साठला असेल तर हवेत ५ टक्के झाला की ठिणगी पुरते, म्हणजे तुम्ही स्वतःच काडी लावताय. दुसरं, मेणबत्ती विझते ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आल्यावर आणि माणसाला आत पाठवायला १९.५ च्या खाली चालत नाही, म्हणजे ज्योत मस्त जळतेय आणि माणूस खाली गरगरतोय असं होऊ शकतं. हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी गॅस) तर तिला कळतच नाही. एन ९५ धुळीसाठी, गॅस अडवत नाही, ऑक्सिजन तर कुठलाच मास्क तयार करत नाही.

चार गॅसचा डिटेक्टर भाड्याने आणा, नळी लावून वर, मध्ये आणि तळाशी रीडिंग घ्या, आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी. सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, रात्रभर झाकण उघडून तळाचा जात नाही, ब्लोअरचा डक्ट खालपर्यंत सोडावा लागतो (आणि ब्लोअर जनरेटरच्या धुराड्याजवळ ठेवू नका, हे पण पाहिलंय मी). इनलेटला नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, ब्लँक मारा (पाइपात बसवायची बंद चकती), अ‍ॅजिटेटरला, म्हणजे ढवळणाऱ्या पंख्याला, कुलूप लावून चावी खिशात. आत दिवा २४ व्होल्टचा. जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ३६ आणि ३६ए काढून वाचा, लेखी दाखला, श्वसनयंत्र, दोरीचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात, सगळं आहे त्यात.

गाळकाढ्या:
काकांना माझं सांगा. मी ठेक्यावर होतो तेव्हा अशाच एका टाकीत उतरलोय. वरून सडक्या अंड्याचा वास येत होता, खाली फावडं मारलं आणि दोन मिनिटात वास गेला, मी वर ओरडून सांगितलं पण की झालं क्लिअर. क्लिअर कसलं, नाक मेलं होतं. नंतर कळलं १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १००) आसपास नाक बधिर होतं. पाय दुमडले एवढंच आठवतं. कमरेला दोरी होती म्हणून आज टाइप करतोय. उतरायच्या आधीचं रीडिंग चांगलं होतं बरं का, गॅस गाळात अडकलेला असतो, ढवळला की सुटतो, त्यामुळे डिटेक्टर काम संपेपर्यंत अंगावर चालू पाहिजे.

नेवासकर:
आमच्या नेवासा तालुक्यातलं वाकडी. ९ एप्रिल २०२४, ऐन पाडव्याचा दिवस. जुन्या विहिरीत शेण सोडलं होतं, त्यात मांजर पडलं म्हणून एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, करत करत पाच गेले. सहावा वाचला, कमरेला दोरी होती. आत पडलेला आपलाच असला की वर कुणी थांबत नाही ओ, म्हणून वरच्याला आधीच बजावून ठेवा, काही झालं तरी तू उतरायचं नाहीस.

हिशोबनीस:
सगळं बरोबर आहे पण छोट्या युनिटला ट्रायपॉड, विंच (माणूस वर ओढायची तिपाई आणि चरखी), श्वसनयंत्र परवडतं का? रविवारच्या एका कामासाठी मालक हसेल.

लोटे_परमिटवाला:
मग माणूसच उतरवू नका ना! सक्शन टँकर बोलवा, वरून जेटने गाळ पातळ करून ओढून घ्या. आमच्याकडे आता दहातली आठ कामं अशीच होतात. मात्र मॅनहोलवर वाकून बघत बसू नका, ढवळल्यावर गॅस वर पण येतो. आणि हो, टॉयलेटची सेप्टिक टाकी असेल तर विषयच वेगळा, हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, मृत्यू झाला तर भरपाई ३० लाख, सुप्रीम कोर्टाने २०२३ ला दहाची तीस केली. मालकाला हाच हिशोब दाखवा, हसायचा थांबेल.

ताकपाणी:
अपडेट. टँकर आणला. काका रुसले, पण मी डिटेक्टर दोरीला बांधून तळाशी सोडला आणि टँकरवाल्याला जरा जेट मारायला लावलं. आधी सल्फाइड ४ पीपीएम दाखवत होता, जेट मारल्यावर अलार्म, ८५ वर गेला. काका बघत होते. काही बोलले नाहीत, पोरांना म्हणाले मागं सरा रे. कोपऱ्यात फूटभर घट्ट चरबी राहिलीय, ती जेटला हलत नाही, गरम पाणी सोडून बघू का? बॉयलर आपलाच आहे.

गाळकाढ्या:
सोडा पण ब्लोअर चालू ठेवून, गरम पाण्याने गॅस अजून सुटेल. आणि झाकणापासून लांब.