(इज-ए? ख <खाते>) की (खाते? ख)?

कंसपुराण: गाइलमध्ये (लिस्प घराण्यातल्या स्कीम भाषेची एक अंमलबजावणी) घरच्या हिशोबासाठी छोटी क्लास लायब्ररी लिहितोय. (कोड इथे मुद्दाम देवनागरीत टाकतोय.) एखादी वस्तू अमुक क्लासची आहे का हे तपासायला गूप्सचंच (गाइलची ऑब्जेक्ट यंत्रणा) इज-ए? वापरत होतो. रविवारी चुकून उलट क्रमाने (इज-ए? <खाते> ख) लिहिलं. एरर नाही, गुपचूप फॉल्स! अर्धी दुपार गेली. शिवाय काँडमध्ये (एकामागून एक अटी तपासणारी रचना) हे सहा ओळी लागोपाठ आलं की डोळे फिरतात. प्रत्येक क्लासला खाते? सारखं तपासणीचं फंक्शन आपोआप मिळावं म्हणून सिंटॅक्स-रूल्स (मॅक्रो, म्हणजे कोड लिहिणारा कोड, करायची साधी सोय) घेऊन बसलो, जमेना.

शेपूटकॉल: जमणारच नाही रे. सिंटॅक्स-रूल्सला दोन नावं जोडून तिसरं करता येत नाही. सिंटॅक्स-केस (मॅक्रोची जास्त ताकदीची सोय) घे, डेटम->सिंटॅक्सने नाव बनव. पहिलं आर्ग्युमेंट म्हणून क्लासच्या नावाचा आयडेंटिफायर दे. मॅक्रोतला दिलास तर बाहेर खाते? सापडणारच नाही. मी दोनदा आपटलोय तिथे.

जुनी_लिस्पवाली: आपोआप कशाला? एसआरएफआय-9 मध्ये (स्कीममधल्या रेकॉर्डसाठीचा प्रस्ताव, 1999) प्रेडिकेटचं (हो-नाही सांगणाऱ्या फंक्शनचं) नाव हातानेच लिहावं लागतं. एक शब्द जास्त, पण ग्रेप केलं (फाइलींत शब्द शोधला) की सापडतो. आरसिक्सआरएसने (स्कीमचं मानक, 2007) नाव न दिल्यास जोडून द्यायची सोय केली, वर्षभराने तेच कोड वाचताना "हे आलं कुठून?" म्हणून मी शोधत बसले होते. आणि इज-ए? काढू नकोस हं, क्लास व्हेरिएबलमध्ये असेल तेव्हा तेच लागतं.

कंसपुराण: ताई, पटलं. नाव हाताने लिहितो. <बचत-खाते> या उपक्लासची वस्तू दिली तरी खाते? ट्रू येतंय, तपासलं.