स्पितीला जाताना गाडीवर अँटेना: कामाचा की मिरवायचा?

घाटमाथा:
सप्टेंबरात आम्ही चौघं पुण्याहून आपल्याच गाडीने स्पितीला निघतोय. शिमला, किन्नौर, नाको, ताबो, काझा, मग कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल आणि मनाली. गेला आठवडाभर आमच्यात एकच रणकंदन चाललंय: फोन कुठला घ्यायचा आणि टपावर अँटेना लावायचा का.

माझं मत आधीच सांगतो, मग बडवा. अँटेना म्हणजे पैशाचा चुराडा. 2022 ला गेलो होतो तेव्हा काझापुढचं लोसर गाव सोडल्यापासून मनालीच्या अलीकडच्या ग्राम्फूपर्यंत फोन म्हणजे फक्त घड्याळ. टॉवरच नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यापेक्षा दोन सिमचा साधा फोन, एकात बीएसएनएल, दुसऱ्यात जिओ किंवा एअरटेल. उरलेल्या पैशात एक जास्तीचा टायर येतो.

तारयंत्र:
आड कोरडा असेल तिथे तुमचं शंभर टक्के खरं. पण त्या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी आडात पाणी आहे, तुमचा दोर आखूड पडतो.

गेल्या वर्षी ताबोच्या अलीकडे एका वळणावर आमच्या गाडीचं सस्पेन्शन गेलं. फोनवर *#*#4636#*#* दाबून सिग्नलचा आकडा बघितला (डेसिबलमध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला): गाडीत बसून उणे 119. दांडी एक दिसत होती, पण कॉल लागला की तुटायचा. टपावर अँटेना होता, त्याची वायर आत राउटरला. राउटरवर उणे 109. काझाच्या मेकॅनिकला व्हॉट्सअ‍ॅपवर तुटलेल्या भागाचा फोटो गेला आणि संध्याकाळी माणूस तो भाग घेऊनच आला. दहा डेसिबल म्हणजे दहापट ताकद, हे विसरू नका. शिवाय 4जी फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॅटने ओरडतो. जुने 2जी फोन 2 वॅटपर्यंत जायचे. टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला येत नाही, हे दुखणं तिथलंच.

घाटमाथा:
राउटर? मी फोनच्या अँटेनाबद्दल बोलतोय.

तारयंत्र:
आजकालच्या कुठल्या फोनला अँटेनाचं भोक असतं, दाखवा. फोन कव्हरमागे चिकटवायच्या त्या पट्ट्या तर निव्वळ धूळफेक. म्हणून सिमवाला 4जी राउटर घ्यायचा, ज्याला स्क्रूने पिळायची दोन एसएमए टोकं असतात. गाडीच्या 12 व्होल्टवर चालणारा बघा. फोन वाय-फायवर, आणि वाय-फाय कॉलिंग चालू केलं की साधा कॉलही जातो.

मी_सरिता:
एक धोक्याची सूचना. ऑनलाइन 'सिग्नल बूस्टर' नावाने जो डबा मिळतो तो घेऊ नका. माझ्या नवऱ्याने एका विक्रेत्याकडून घेतला, पुढे कळलं की परवान्याशिवाय तो वापरणं इथे बेकायदा आहे. सिग्नल वाढवून पुन्हा हवेत सोडणारं यंत्र बिघडलं की अख्ख्या टॉवरला त्रास देतं. त्या विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं ते वेगळंच. डबा आता माळ्यावर, खलबत्त्याशेजारी.

माझा सिडनीचा मावसभाऊ म्हणतो, "ताई, आमच्याकडे सेल-फाय नावाचा बूस्टर सर्रास लावतात." लावत असतील, तिकडच्या टेल्स्ट्रा या फोन कंपनीने मंजूर केलेला आहे. पण तो त्यांच्याच नेटवर्कपुरता बांधलेला. इकडे आणून काय उपयोग? सॅटेलाइट फोनचंही तेच. थुराया, इरिडियम परवानगीशिवाय इथे बाळगणंच गुन्हा. खिशातली सॅटेलाइट मेसेंजर यंत्रं बाळगल्याबद्दल परदेशी पाहुण्यांना विमानतळावर अडवलंय.

मोकळा_वारा:
अहो, स्पितीला माणसं नेटवर्क नाही म्हणूनच जातात ना? तुम्ही राउटर, वायरी, अँटेना घेऊन ऑफिसच टपावर बांधताय.

मी_सरिता:
आई घरी तीन दिवस फोनकडे बघत बसते तेव्हा तिला हा मोकळा वारा समजावून सांगा.

जुना_रेडिओवाला:
तारयंत्रांशी अर्धा सहमत. अँटेना लावा, पण लोक चुकीचा लावतात. दुकानदार म्हणतो जास्त गेन (एका दिशेला सिग्नल किती वाढतो तो आकडा, डीबीआयमध्ये मोजतात) म्हणजे जास्त चांगला, आणि हे 9 डीबीआयची काठी घेऊन येतात. गेन म्हणजे आयती वीज नाही, तेवढीच ऊर्जा चेपून वेगळ्या आकारात मिळते. कमी गेनच्या अँटेनाचा आकार मेदूवड्यासारखा, वर-खालीही थोडं पोचतो. जास्त गेनचा थापून थालीपीठ होतं: आडवा लांब जातो, वर काहीच नाही. थरच्या वाळवंटात थालीपीठ चालेल. स्पितीत टॉवर डोक्यावरच्या कड्यावर किंवा पायाखालच्या दरीत. तिथे 2-3 डीबीआयचा बुटका अँटेनाच बरा.

आणि वायर! सोबत येते ती आरजी-58 नावाची पातळ वायर. 1800 मेगाहर्ट्झला पाच मीटरात चार-पाच डेसिबल तीच गिळते. अँटेनाने कमावलं, वायरने गमावलं. वायर दोन मीटरवर कापून नीट टोक बसवून घ्या, नाहीतर जाड, कमी गळतीची घ्या. तारयंत्रांचे दहा डेसिबल मुख्यतः पत्र्याच्या बाहेर आणि उंचावर गेल्यामुळे आलेत, अँटेनाच्या जादूने नव्हे.

तारयंत्र:
मान्य. पण आले ना?

घाटमाथा:
बरं, राउटरचं पटतंय थोडं. पण फोनबद्दल कोणी बोललंच नाही.

जुना_रेडिओवाला:
कॅमेरा किती मेगापिक्सेल ते सोडा, बँड बघा, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सीचे पट्टे पकडतो ते. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते, डोंगराला थोडी वळसाही घालते. बीएसएनएलचं 4जी 700 मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड 28, आणि जुन्या बऱ्याच फोनांत तो नसतोच. जिओचा 850 म्हणजे बँड 5, एअरटेलचा 900 म्हणजे 8. हे तिन्ही फोनमध्ये आणि राउटरमध्येही हवेत. अँटेना 698 मेगाहर्ट्झपासूनचा घ्या. सिम बीएसएनएलचं ठेवाच.

घाटमाथा:
बीएसएनएलचा माझा अनुभव इथे कोथरूडमध्येच वाईट, तिथे काय दिवे लावणार?

मी_सरिता:
कोथरूडवरून काझाचा अंदाज बांधू नका. स्पितीतल्या ग्यू गावात मोबाइल पोचला तो 2024 च्या एप्रिलमध्ये. तुमचा 2022 चा अनुभव तेवढा जुना झालाय. शिवाय सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरांवर 2025 पासून एका कंपनीच्या टॉवरवर दुसरीचं सिम चालवायची सोय सुरू झालीये. आणि मनालीहून पुढे लेहला जायचा मोह झाला तर सिम पोस्टपेड हवं, लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड चालत नाही. आमचे चारही फोन सरचूच्या पुढे मुके झाले होते.

घाटमाथा:
ठीक आहे. टायरही घेतो आणि राउटरही. चंद्रतालला मात्र काही मिळणार नाही यावर मी ठाम. आता अँटेना कुठे बसवू ते सांगा. मॅग्नेटवाला मागवतोय.

जुना_रेडिओवाला:
टपाच्या मधोमध. खाली लोखंडी पत्रा हवा, तो अँटेनाचाच भाग असतो.

घाटमाथा:
गाडीला पॅनोरॅमिक सनरूफ आहे. मधोमध काच.

तारयंत्र:
मग बॉनेटच्या कडेला. हायवेवर उडू नये म्हणून दोरी बांधा, आणि आखूड नको.