प्रतिसाद: जर्मनीतून नेदरलँड्सला पैसे पाठवताना

वर विचारलंय की जर्मन खात्यातून डच घरमालकाला डिपॉझिट पाठवायला स्विफ्टच (बँकांची आंतरराष्ट्रीय पैसे पाठवण्याची यंत्रणा) लागतं का. अजिबात नाही. दोन्ही खाती युरोतली असतील तर सेपा (युरोतल्या पेमेंटची सामायिक युरोपीय व्यवस्था) ट्रान्सफर करा, नाव आणि आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) पुरतो. डच आयबॅन १८ अक्षरांचा, जर्मन २२. एखादा आकडा चुकला तर फॉर्म बहुधा तिथेच अडतो.

खरी भानगड नावाची. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना नाव आणि आयबॅन जुळतात का, हे पैसे सोडण्याआधी दाखवावं लागतं. आपल्या लोकांची खाती बऱ्याचदा वडिलांच्या नावासकट, त्यामुळे 'जवळपास जुळतं' आलं तर घाबरू नका. बँक दाखवते ते नाव ओळखीचं असेल तर तेच घाला. 'जुळत नाही' आलं तर मात्र थांबा आणि घरमालकाला विचारा. इशारा डावलून ओके केलंत आणि पैसे भलत्याकडे गेले, तर बँक हात वर करते.

इन्स्टंट ट्रान्सफरच निवडा: १० सेकंदांत पोचतात आणि साध्यापेक्षा जास्त शुल्क लावता येत नाही. साधं ट्रान्सफर शुक्रवारी संध्याकाळी केलंत तर मंगळवार उजाडू शकतो. स्वित्झर्लंड, पोलंडही सेपात आहेत, पण समोरचं खातं फ्रँक किंवा झ्लॉटीचं असेल तर ती बँक स्वतःच्या दराने बदलून घेते. चाट तिथे बसते.