औषधी अळंबीच्या गोळ्या: गुण अळंबीत आहेत, पण डबीत उतरलेत का?

रानपाखरू (धागाकर्ती)

आईचं विसरणं वाढायला लागलं तेव्हा कुणीतरी लायन्स मेन अळंबीच्या कॅप्सूल सुचवल्या. वडिलांसाठी रेशी सुचवली, 'प्रतिकारशक्तीसाठी'. दोन्ही डब्या घरात आल्या आणि मी वाचायला बसले. वर्षभर वाचून माझं मत असं झालंय: या अळंबींत गुण आहेत, काही गुण माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेतही. पण डबीत नेमकं काय भरलंय ते कळल्याशिवाय त्या गुणांवर बोलण्यात अर्थ नाही.

लायन्स मेनचंच घ्या. २००९ साली जपानमध्ये ५० ते ८० वयाच्या, सौम्य विस्मरण असलेल्या ३० जणांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना १६ आठवडे रोज सुमारे ३ ग्रॅम अळंबीची भुकटी, निम्म्यांना बिनऔषधाच्या गोळ्या. अळंबी घेणाऱ्यांचे बौद्धिक चाचणीतले गुण वाढले, आणि गोळ्या बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा खाली आले. हे वाचून मला आशा वाटली, खोटं कशाला बोलू. मग आईची डबी पाहिली. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम, 'रोज एक घ्या'. म्हणजे चाचणीतल्या मात्रेचा सहावा हिस्सा! आणि ते ५०० मिलिग्रॅम तरी कशाचे?

बऱ्याच ठिकाणी अळंबीचं मुळांसारखं पसरणारं कवकजाल, म्हणजे मायसेलियम, धान्यावर वाढवतात आणि ते धान्यासकट वाळवून दळतात. धान्य वेगळं काढणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे भुकटीत पिष्ठ (स्टार्च) भरपूर येतं. लेबलवर मात्र 'पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) ४०%' अशा अर्थाचं छापलेलं असतं. पिष्ठसुद्धा पॉलिसॅकराइडच! आपल्याला हवं ते बीटा-ग्लुकान, म्हणजे अळंबीतलं गुणकारी मानलं जाणारं पॉलिसॅकराइड, त्याचा आकडा वेगळा लागतो.

पिष्ठ असलं की आयोडीननं निळं होतं, म्हणून मी घरी करून पाहिलं. दोन्ही डब्यांतली एकेक कॅप्सूल फोडली, भुकटी वेगवेगळ्या वाट्यांत पाण्यात उकळली आणि आयोडीनचे थेंब टाकले. पहिल्यांदा पाणी गरम असतानाच टाकले, रंगच धरेना. पाणी पूर्ण निवल्यावर पुन्हा टाकले. वडिलांच्या रेशीची वाटी तपकिरीच राहिली. आईच्या लायन्स मेनची वाटी बघता बघता शाईसारखी निळी-काळी झाली. आई शेजारीच उभी होती. "म्हणजे मी इतके महिने पीठ खात होते का?" असं तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

तुमचं मत काय? घ्यावं का, आणि घ्यायचं तर काय बघून?

सावधचित्त

तुमची तळमळ पोचली, पण मला पायाच कच्चा वाटतो. ३० माणसं म्हणजे एका वर्गातली मुलंही नाहीत. एवढ्यावर आईला रोज गोळी द्यायची?

रेशीचं तर मोठ्या आढाव्यातच उत्तर आलंय. २०१५ साली वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं हृदयविकाराच्या धोक्याच्या घटकांवर रेशीचा काय परिणाम होतो ते तपासलं. पाच चाचण्या, ३९८ माणसं. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसाठी रेशी वापरावी असा आधार मिळाला नाही. मग डबीवर 'हृदयाची काळजी' कशाच्या जोरावर लिहितात?

आणि 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे तर सपशेल चूक. २०१४ साली जपानमधल्या एका ७२ वर्षांच्या बाईंची नोंद प्रसिद्ध झाली. यकृताच्या कर्करोगासाठी त्या सहा महिने रोज चार-पाच चमचे चागा नावाच्या औषधी अळंबीची भुकटी घेत होत्या. चागात ऑक्सॅलेट भरपूर असतं, ते मूत्रपिंडात साठलं आणि शेवटी डायलिसिसवर जावं लागलं. ती भुकटी नकली होती म्हणून हे झालं नाही. तुमच्या आयोडीनच्या वाटीत ती कदाचित उत्तम ठरली असती.

खलबत्ता

सावधचित्त, तुम्ही अपवाद दाखवून सगळी परंपरा मोडीत काढताय. चीनमध्ये रेशी, म्हणजे लिंगझी, दोन हजार वर्षांच्या आसपास औषध म्हणून वापरात आहे. इतक्या पिढ्या उगीच पीत राहिल्या का?

आणि ती वापरायची रीत बघा. वाळलेल्या अळंबीचे काप पाण्यात तासन् तास उकळायचे आणि कडू काढा प्यायचा. अळंबीच्या पेशीभिंती काइटिनच्या असतात, खेकड्याच्या कवचात असतं तेच. पोटाला ते नीट फोडता येत नाही. उकळल्यावर आतलं बीटा-ग्लुकान पाण्यात उतरतं. त्या लोकांना काइटिन हा शब्द ठाऊक नव्हता, रीत मात्र बरोबर सापडली होती. माझा विरोध आहे तो कॅप्सूललाच. अख्खी अळंबी हातात धरून, ओळखून, उकळून प्या. डबीच्या भानगडीत पडूच नका.

दुर्बीण

खलबत्ता, परंपरेनं एखादं औषध तपासायला हवं एवढं कळतं, ते लागू पडतं हे कळत नाही. कॉर्डिसेप्सची, म्हणजे किडा-अळंबीची, गोष्ट आठवा. १९९३ साली चीनच्या महिला धावपटूंनी जागतिक विक्रम धडाधड मोडले आणि प्रशिक्षकांनी श्रेय दिलं किडा-अळंबीला आणि कासवाच्या रक्ताला. जगभर कॉर्डिसेप्सचं नाव झालं. पुढे २००० च्या सिडनी ऑलिम्पिकच्या तोंडावर त्याच प्रशिक्षकांच्या सहा धावपटू रक्तचाचण्यांनंतर संघातून वगळल्या गेल्या. दमश्वासासाठी म्हणून ही अळंबी विकताना पहिली गोष्ट अजून सांगतात, दुसरी सांगत नाहीत.

शिवाय अळ्यांवर उगवणारी ती रानटी अळंबी हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर हातानं वेचतात, सोन्यासारख्या भावानं. बाजारातल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये ती नसतेच. असते ती बऱ्याचदा लागवड केलेली दुसरी जात, कॉर्डिसेप्स मिलिटारिस. ती वाईट असं नाही, पण चित्र एकीचं आणि माल दुसरीचा.

रुजवात

मी कवकं वाढवण्याच्या कामात आहे, म्हणून एका मुद्द्यावर थांबवतो. 'मायसेलियम म्हणजे भेसळ' हे समीकरण या धाग्यात पक्कं होऊ नये.

जपाननं १९७७ साली कर्करोगाच्या उपचारात पूरक औषध म्हणून मान्य केलेलं पीएसके टर्की टेल या अळंबीच्या मायसेलियमपासूनच बनलं. १९९४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची चाचणी आली. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले २६२ रुग्ण, निम्म्यांना केमोथेरपी, निम्म्यांना केमोथेरपी आणि पीएसके. पाच वर्षांनी जिवंत असलेले पहिल्या गटात ६०%, दुसऱ्यात ७३%. लायन्स मेनमध्येही मज्जापेशींच्या वाढीशी जोडली जाणारी एरिनासिन ही द्रव्यं मायसेलियममध्ये मिळतात, हेरिसिनोन वरच्या अळंबीत. तैवानमधून २०२० साली आलेली ४९ आठवड्यांची चाचणी मायसेलियमच्याच कॅप्सूलवर होती.

दोष धान्याचा आहे. तेच मायसेलियम टाकीत द्रव माध्यमात वाढवलं की गाळून वेगळं काढता येतं. म्हणून 'मायसेलियम आहे का' विचारून थांबू नका, 'कशावर वाढवलंय आणि ते वेगळं काढलंय का' हेही विचारा.

रानपाखरू, आयोडीनची चाचणी छान केलीत. निवेपर्यंत थांबलात तेही बरोबर, गरम पाण्यात तो निळा रंग टिकत नाही. पण तिची मर्यादा लक्षात घ्या. निळं झालं तर पिष्ठ नक्की आहे. तपकिरी राहिलं म्हणून रेशी खरी, असं मात्र नाही.

रानपाखरू (धागाकर्ती)

रुजवात, मनापासून आभार. मायसेलियमबद्दल मी सरसकट लिहिलं ते चुकलंच.

रेशी खरी की नाही, यावरून आठवलं. २०१७ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या उत्पादनांतले १९ नमुने तपासले होते. त्यातले अस्सल ठरले फक्त ५. सावधचित्त, म्हणूनच मी गुणवत्तेवर अडून बसलेय. खलबत्तांनी कडू काढा म्हटल्यावर मी वडिलांची कॅप्सूल फोडून भुकटी जिभेवर ठेवली. रेशीतली ट्रायटर्पीन द्रव्यं चांगलीच कडू असतात. ही भुकटी जिभेला जेमतेम तुरट लागली. आयोडीनला पास झालेली डबी जिभेवर नापास!

खलबत्ता, काढ्याचं पटतं, पण ही ट्रायटर्पीन पाण्यात फारशी उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं. नुसत्या काढ्यात निम्मीच रेशी येते. आणि अळंबी जमिनीतलं कॅडमियम, शिसं ओढून घेते. वाळलेला काप हातात धरून ते कसं ओळखणार? तिथे प्रयोगशाळेचा कागदच लागतो.

खलबत्ता

जड धातूंचा मुद्दा मान्य. बाकी मी काढ्यावर ठाम आहे.

सावधचित्त

मीही माझ्या मतावर ठाम आहे, आणि रुजवातांच्या उदाहरणानं ते पक्कंच झालं. पीएसके हे प्रमाणित औषध होतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली केमोबरोबर दिलेलं. 'टर्की टेल' लिहिलेली कुठलीही डबी म्हणजे पीएसके नव्हे. शिटाके अळंबीपासूनचं लेंटिनन हे औषध तर जपानमध्ये इंजेक्शनातून देत असत, तरी त्याचा दाखला देऊन गोळ्या विकतात.

रानपाखरू, एक काळजीनं विचारतो. तुमचे वडील रक्त पातळ करणारी गोळी घेतात का? रेशीनंही रक्त गोठायला वेळ लागू शकतो. दोन्ही एकत्र असतील, किंवा एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना डबीसकट दाखवा. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी तर प्रतिकारशक्ती चेतवणारं काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

रानपाखरू (धागाकर्ती)

घेतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी, तीन वर्षांपासून. आणि रेशी सुरू केली तेव्हा आम्ही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. 'हे काय औषध थोडंच आहे' असं वाटलं. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर लगेच फोन केला. रेशी आजपासून बंद, परवा रक्ततपासणी आहे. सावधचित्त, आपलं बाकीचं जुळो न जुळो, हे विचारलंत त्यासाठी कायम ऋणी राहीन.

आईच्या लायन्स मेनसाठी उत्पादकाला पत्र लिहिलं होतं. चार प्रश्न विचारले होते: जातीचं शास्त्रीय नाव काय, वरची अळंबी की मायसेलियम आणि कशावर वाढवलेलं, बीटा-ग्लुकान आणि पिष्ठ किती टक्के, आणि याच बॅचचा जड धातूंचा तपासणी अहवाल मिळेल का. काल उत्तर आलं. आभार मानलेत, अळंबी सेंद्रिय असल्याचं दोनदा लिहिलंय, आणि 'बीटा-ग्लुकानची वेगळी तपासणी आम्ही करत नाही' असंही.

रुजवात

ती डबी ठेवून द्या. दुसऱ्या कुणाचा अहवाल आला तर इथे आकडे टाका, मी वाचून सांगतो. बॅचचा नंबर डबीवरच्या नंबराशी जुळतो का ते आधी पाहा. पुष्कळदा कागद दोन वर्षं जुना असतो.